परका प्रवासी आणि ईश्वरी हेतू : धर्मानुभवाच्या निवेदनातील योगायोगाचे स्थान

१

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले असता डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थांशी गाठ पडली. गृहस्थ सौजन्यशील होते. बोलणे संस्कृत काव्यावरून सुरू झाले आणि धर्माकडे वळले. त्यांनी टिळकांच्या हाती बायबलची प्रत ठेवली आणि दोन वर्षे लोटण्यापूर्वी तुम्ही ख्रिस्ती झालेले असाल, असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले. वाचता वाचता ते गिरिप्रवचनापर्यंत आले आणि तेथून त्यांना मागे फिरता आले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांच्या चरित्रातील हा प्रसंग मराठी वाचकाला नवा नाही. जे. सी. विन्स्लो यांच्या १९२३ च्या इंग्रजी चरित्रात तो आहे आणि पुढील बहुतेक चरित्रपर लेखनाने तो उचललेला आहे. तो वाचताना दोन परस्परविरोधी प्रतिक्रिया संभवतात. श्रद्धावान वाचक म्हणेल की ही गाठ ईश्वरानेच घालून दिली. संशयवादी वाचक म्हणेल की धर्मप्रसारक रेल्वेने प्रवास करीत, पुस्तके वाटीत आणि अशी भाकिते अनेकांपाशी करीत. त्यांतले एक खरे ठरले, एवढेच. या दोहोंपैकी कोणती प्रतिक्रिया ग्राह्य, हा प्रश्न साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येत नाही. समीक्षेच्या कक्षेत येणारा प्रश्न वेगळा आहे. एका किरकोळ, अनपेक्षित भेटीला ईश्वरी हेतूची अर्थवत्ता प्राप्त होते ती निवेदनाच्या कोणत्या रचनेमुळे? आणि ती प्राप्त करून देताना निवेदनाला काय गमवावे लागते?

कथात्म साहित्याच्या मराठी समीक्षेने योगायोगाकडे बहुधा दोष म्हणूनच पाहिले आहे. कादंबरीत हवे तेव्हा हवे ते पात्र स्टेशनावर उतरू लागले की लेखकाची कथानकावरील पकड सैल झाली, असे आपण म्हणतो. धार्मिक आत्मकथन आणि संतचरित्र या रूपबंधांत मात्र योगायोग हाच कथानकाचा कणा असतो. तो काढला तर कथानक उरत नाही. एकाच घटकाला एका रूपबंधात दोष आणि दुसऱ्यात प्राणतत्त्व मानावे लागते, याचा अर्थ योगायोग ही घटनेची अंगभूत जात नव्हे. निवेदनाने घटनेशी जोडलेले ते एक नाते आहे. प्रस्तुत लेखात या नात्याचे काही प्रकार महिपतीकृत संतचरित्रे, टिळकांचे धर्मांतरकथन आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यांच्या आधारे तपासावयाचे आहेत.

२

या प्रश्नाचा पहिला स्पष्ट उल्लेख ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रात आढळतो. आर्गोस येथील मिटिसचा पुतळा, ज्याच्यामुळे मिटिसला मृत्यू आला त्याच माणसाच्या अंगावर कोसळला आणि तो मेला, हे उदाहरण ॲरिस्टॉटलने दिले आहे. पुतळ्याला हेतू नसतो. तरीही अशी घटना निर्हेतुक वाटत नाही, आणि केवळ अकस्मात घडलेल्या गोष्टींत ज्या मागे काही योजना असल्यासारख्या भासतात त्याच सर्वाधिक विस्मय उत्पन्न करतात, असा त्याचा अभिप्राय आहे. येथे भार ‘भासतात’ या क्रियापदावर आहे. पुतळा पडला या विधानात हेतू नाही. मिटिसच्या मारेकऱ्यावर मिटिसचा पुतळा पडला, असे म्हणताक्षणी तो येतो. म्हणजे हेतू हा घटनेच्या वर्णनात, दोन घटनांना एका वाक्यात बांधण्याच्या कृतीत निर्माण होतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. हेतूचे भान हे नेहमी पश्चाद्दृष्टीने येते. घटना घडत असताना तिच्या अंगावर खूण नसते. सेंट ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मधील आठव्या पुस्तकात मिलान येथील बागेचा जो प्रसंग आहे, त्यात शेजारच्या घरातून एका मुलाचा आवाज येतो. तो मुलाचा की मुलीचा, हेही ऑगस्टीनला सांगता येत नाही. आवाज पुस्तक उचलून वाचण्यास सांगतो. मुलांच्या कोणत्या खेळात असे शब्द असतात काय, हे ऑगस्टीन आठवून पाहतो. म्हणजे नैसर्गिक स्पष्टीकरणाची शक्यता तो प्रथम तपासतो, ती सापडत नाही असे नमूद करतो, आणि मगच तो आवाज आज्ञा म्हणून स्वीकारतो. निवेदनाच्या दृष्टीने ही प्रामाणिक रीत आहे. योगायोग आणि हेतू यांच्यामधला क्षणभराचा अवकाश त्याने वाचकाला दाखवला आहे. तथापि त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. आवाजाने आपले काम केले आणि मूल कथनातून नाहीसे झाले.

येथे तीन संज्ञांत भेद करणे आवश्यक वाटते. योगायोग म्हणजे दोन असंबद्ध घटनाक्रमांचे एका बिंदूवर येणे. हेतू म्हणजे ते येणे कोणीतरी घडवून आणले आहे, असे विधान. अर्थ म्हणजे त्या येण्याला अनुभव घेणाऱ्याने दिलेला प्रतिसाद. हेतूचे विधान घटनेच्या मागे जाते, अर्थ घटनेच्या पुढे जातो. धार्मिक निवेदनात हेतू आणि अर्थ यांची सरमिसळ होते, आणि ही सरमिसळ कोठे होते हे पाहिल्याशिवाय अशा संहितांचे नीट वाचन होत नाही.

३

महिपतीची (१७१५–१७९०) संतचरित्रे या दृष्टीने अतिशय उपयुक्त सामग्री पुरवतात. ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये पूर्ण झाला. त्यातील आणि एकंदर संतचरित्रपरंपरेतील अनेक कथांचा साचा एकच आहे : भक्तावर संकट येते, कोणीतरी परका, सामान्य, बहुधा सेवकवर्गातील माणूस येऊन ते निवारतो, पुढे कळते की तो माणूस म्हणजे प्रत्यक्ष देव. दुष्काळात मंगळवेढ्याची धान्याची कोठारे लोकांसाठी खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे देणे विठू महाराच्या रूपाने विठ्ठल बेदरच्या दरबारात भरतो. सेना न्हाव्याच्या जागी तोच राजाच्या सेवेस हजर होतो. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या बारा वर्षे पाणी भरतो आणि द्वारकेहून देवाला शोधत आलेल्या ब्राह्मणामुळे त्याची ओळख उघड होते.

या कथांची निवेदनव्यवस्था पाहण्यासारखी आहे. परका माणूस कोण, हे श्रोत्याला आरंभापासून ठाऊक असते. दामाजीला ठाऊक नसते, बेदरच्या बादशहाला नसते. त्यामुळे श्रोत्याची उत्कंठा ‘हा कोण’ या प्रश्नाशी निगडित नसून ‘यांना केव्हा कळणार’ या प्रश्नाशी निगडित असते. अभिज्ञानाचा क्षण पात्रांसाठी विस्मयाचा आणि श्रोत्यासाठी कृतार्थतेचा असतो. कीर्तनाच्या सादरीकरणात ही रचना विशेष प्रभावी ठरते, कारण श्रोतृसमुदाय देवाच्या बाजूने, देवाइतकेच जाणत बसलेला असतो. येथे योगायोगाला जागाच नाही. विठू महार योग्य वेळी आला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. तो त्यासाठीच आला आहे. हेतू येथे निष्कर्ष म्हणून येत नाही, गृहीतक म्हणून येतो.

परंतु याच रचनेत एक रिकामी जागा आहे. विठू महार नावाचा कोणी माणूस या कथेत नाही. तो एक रूप आहे आणि रूपाआड देव आहे. देवाने महाराचे रूप घेतले ही गोष्ट एका अर्थाने क्रांतिकारक मानता येईल, आणि तशी ती मानली गेलेलीही आहे. दरबारात खुर्द देव ज्या देहाने उभा राहिला तो देह अस्पृश्य मानलेला होता, हे श्रोत्याच्या मनावर बिंबणे थोडके नव्हे. दुसऱ्या अर्थाने पाहता, त्या देहाला मिळालेला मान तो देह खोटा असल्यामुळे मिळालेला आहे. ज्या विठ्ठलाने हे रूप घेतले त्याच्या पंढरपूरच्या मंदिरात खऱ्या विठू महाराला प्रवेश मिळण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. कथेची भक्तिमूलक उदारता आणि व्यवहाराची कठोरता यांच्यामधील हे अंतर केवळ समाजाच्या ढोंगाने स्पष्ट होत नाही. कथेच्या रूपबंधातच त्याची सोय आहे. परका माणूस देव ठरला की माणूस म्हणून त्याच्याविषयीचे आपले उत्तरदायित्व संपते. पुढच्या वेळी दाराशी आलेला पाणक्या श्रीखंड्या नसून नुसताच पाणक्या असेल, तर काय करावयाचे, हे कथा सांगत नाही.

त्याच परंपरेत या साच्याला छेद देणारी एक कथा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. गोदावरीवर स्नान करून परतणाऱ्या एकनाथांवर एक यवन थुंकतो. नाथ पुन्हा स्नानाला जातात, तो पुन्हा थुंकतो. असे एकशे आठ वेळा घडते. अखेर तो शरण येतो तेव्हा, तुझ्यामुळे मला आज इतकी गोदास्नाने घडली, असे नाथ म्हणतात. ही उपद्रवाची कथा आहे, आणि उपद्रवात लाभ पाहण्याची कथा आहे. तथापि थुंकणारा माणूस शेवटी देव ठरत नाही. तो थुंकणाराच राहतो आणि मग पश्चात्ताप करणारा माणूस होतो. देवाने त्याला पाठवले होते, असे विधान कथेच्या केंद्रस्थानी नाही. नाथांनी उपद्रवाला स्नान म्हटले, एवढेच घडले. वर केलेल्या भेदाच्या परिभाषेत सांगायचे तर येथे हेतू नाही, अर्थ आहे. आणि म्हणूनच परका माणूस येथे शिल्लक राहतो. विठू महाराच्या कथेपेक्षा ही कथा कमी चमत्कारिक आहे, परंतु तिच्यात दोन माणसे आहेत.

महानुभाव वाङ्मयातील एका व्यवस्थेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. केशिराजबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिस्तरीय रचना आहे. साधीशी लौकिक हकीकत दृष्टांतात येते आणि तिचा तात्त्विक अन्वय दार्ष्टांतिकात येतो. दोन्ही स्तर वेगळे ठेवल्यामुळे हकीकतीला हकीकत म्हणून वाचण्याचे स्वातंत्र्य वाचकाला राहते. घटना आणि तिचा अन्वय यांच्यातली सीमारेषा पुसू न देणारी ही शिस्त तेराव्या शतकातील मराठी गद्याने सिद्ध केली होती. पुढील काळातील चरित्रलेखनाने ती क्वचितच पाळली.

४

टिळकांच्या रेल्वेप्रवासाकडे आता परत येता येईल. या कथनाची जडणघडण ख्रिस्ती धर्मांतरकथनाच्या संकेतव्यूहात झाली आहे. तरीही महिपतीच्या साच्याशी तिचे साम्य नजरेत भरते. अमेरिकन मराठी मिशन या ज्या संस्थेत टिळकांनी पुढे काम केले, तिचेच एक मिशनरी जस्टिन ॲबट यांनी उत्तरायुष्यात महिपतीच्या संतचरित्रांचे इंग्रजी अनुवाद केले, ही गोष्ट त्या मिशनच्या परिसरात दोन्ही प्रकारच्या कथा शेजारी शेजारी नांदत होत्या, याची निदर्शक आहे. परका माणूस येतो, काही देतो, भविष्य सांगतो आणि नाहीसा होतो. फरक असा की टिळकांचा सहप्रवासी देव ठरत नाही; तो देवाचा दूत ठरतो. अभिज्ञान व्यक्तीचे होत नाही, घटनेचे होते.

हे अभिज्ञान ज्या कथनयुक्तीने साधते ती म्हणजे भाकीत. दोन वर्षांची मुदत मध्येच सांगितल्याने कथानकाचा शेवट त्याच्या मध्यभागी येऊन बसतो. १८९३ आणि १८९५ ही दोन वर्षे मग केवळ कालगणना राहत नाहीत. ती एक पूर्ण होणारी संख्या बनतात. मधल्या काळातील टिळकांचे वाचन, संभ्रम, पत्रव्यवहार, घरच्यांची भीती हे सारे त्या मुदतीच्या आत घडत असल्याने त्याला दिशा असल्यासारखी वाटते. वस्तुतः या भेटीच्या कितीतरी आधीपासून टिळक अस्वस्थ होते. रूढ धर्मव्यवस्थेविषयीचे त्यांचे असमाधान आणि नव्या धर्माची त्यांची कल्पना यांची पूर्वपीठिका डब्यातील संभाषणाने निर्माण केलेली नाही. भेट हे कारण नव्हे. परंतु दीर्घ अस्वस्थतेला कथानक नसते. ते भेटीने मिळते.

दुसरी गोष्ट अनामिकतेची. काही ठिकाणी या गृहस्थांचे नाव अर्नेस्ट वॉर्ड असे दिले जाते. ते मान्य केले तर त्या माणसाला एक मिशन, एक कार्यक्षेत्र आणि डब्यात असण्याचे स्वतःचे एक कारण प्राप्त होते. तो टिळकांसाठी त्या गाडीत बसलेला नव्हता. स्वतःच्या कामाला निघाला होता. नाव कळले की सहप्रवाशाचा घटनाक्रम टिळकांच्या घटनाक्रमापासून सुटा होतो आणि भेट पुन्हा योगायोग बनते. म्हणून प्रचलित कथनाला नावाची गरज वाटत नाही. अनामिकता हा येथे माहितीचा अभाव नसून हेतूच्या विधानाची अट आहे.

तिसरी गोष्ट अधिक उद्बोधक आहे. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. एकाच धर्मांतराच्या या दोन प्रतिमा परस्परांशी जुळत नाहीत. रेल्वेच्या डब्यात माणूस अकस्मात भेटतो. पूल अकस्मात भेटत नाही. तो आधीपासून बांधलेला असतो आणि त्यावरून आपल्या पायांनी चालावे लागते. पहिल्या प्रतिमेत धर्मांतराचा कर्ता बाहेरून येतो, दुसरीत तो परंपरेच्या आत आणि स्वतःच्या चालण्यात असतो. मिशनच्या इंग्रजी वाचकवर्गाला पहिली कथा अधिक परिचित वाटली असेल. मराठी अभंगकार टिळकांना दुसरी अधिक जवळची होती, हे त्यांच्या काव्याच्या घडणीवरून सांगता येते. चरित्राने दोन्ही जपल्या. कोणती कथा केव्हा सांगितली जाते, हे श्रोत्यावर अवलंबून राहते. हेतू घटनेत असता तर असे झाले नसते.

तुलनेसाठी पंडिता रमाबाईंच्या १९०७ सालच्या साक्षीतील एक तपशील घेता येईल. सिल्चर येथे असताना आपल्या पुस्तकसंग्रहात लूककृत शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका आपणास आढळली आणि ती तेथे कशी आली हे ठाऊक नाही, असे त्या लिहितात. येथे परका माणूससुद्धा नाही. केवळ एक वस्तू आहे. रमाबाईंनी अज्ञान अज्ञान म्हणूनच नोंदवले आहे. त्या साक्ष देत आहेत, पुस्तकाच्या नावातच ते आहे, आणि तरी या ठिकाणी हेतूचा शब्द न उच्चारता त्या पुढे जातात. वाचकाने तो आपल्या मनात भरावा, एवढी जागा त्या ठेवतात. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’त (१८८८) मनाचा पालट वाचन, वाद आणि विचार यांच्या दीर्घ क्रमाने होतो. म्हणजे ख्रिस्ती मराठी आत्मकथनाची परंपरा एकजिनसी नाही. रेल्वेचा प्रसंग हे तिचे एक टोक आहे.

५

या प्रसंगाचा परिणाम ज्या व्यक्तीला सर्वाधिक भोगावा लागला, ती डब्यात नव्हती. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. देवदत्त तेव्हा चार वर्षांचाही झालेला नव्हता. नवरा जिवंत आणि तरी नसल्यासारखा, अशा अवस्थेत त्यांनी काही वर्षे काढली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे धर्मांतराला तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यानंतर, श्रद्धावान ख्रिस्ती स्त्री म्हणून त्या लिहीत होत्या. झालेल्या सर्व हालअपेष्टांना ईश्वरी योजनेचे पाठबळ देण्यास लागणारी पश्चाद्दृष्टी त्यांच्यापाशी पुरेपूर होती. तसा आग्रह धरण्याचा अधिकारही होता. त्यांनी तो फारसा वापरला नाही.

‘स्मृतिचित्रे’ हे गैरसोयींचे पुस्तक आहे. टिळकांचे न सांगता निघून जाणे, हाती पैसा न टिकणे, घरात कोणालाही आणून ठेवणे, वारंवार बदलणारी बिऱ्हाडे, अपुरे सामान आणि अपुरे शिक्षण यांतून लक्ष्मीबाईंचा संसार घडतो. यांतली कोणतीही गैरसोय खूण म्हणून येत नाही. ती प्रथम गैरसोय म्हणून येते, मग हसण्याचा विषय होते, आणि हसणे ओसरल्यावर तिच्यातले दुःख वाचकाला जाणवते. या क्रमात हेतूला शिरकाव करता येत नाही, कारण निवेदिका घटनेच्या वेळच्या आपल्या अज्ञानाशी इमान राखते. पुढे काय झाले हे तिला ठाऊक आहे, परंतु ते ज्ञान ती तेव्हाच्या मनूच्या वा लक्ष्मीच्या हाती आधीच देत नाही. महिपतीचा श्रोता देवाइतके जाणतो. लक्ष्मीबाईंचा वाचक लक्ष्मीइतकेच जाणतो. दोन रूपबंधांतील हा मूलभूत फरक आहे.

या वृत्तीचे एक मूळ पुस्तकाच्या आरंभी सापडते, असे मला वाटते. लक्ष्मीबाईंचे वडील कमालीचे सोवळे होते. त्यांच्या सासऱ्यांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली, त्या धक्क्यातून हे सोवळे उद्भवले असे लक्ष्मीबाई सांगतात. घरात येणारा प्रत्येक जिन्नस धुवावा लागे. मीठ-साखरही त्यातून सुटत नसे. आपल्या विषयाच्या दृष्टीने या सोवळ्याकडे पाहिले तर ते अर्थाच्या अतिरेकाचे घर आहे. तेथे कोणताही स्पर्श नुसता स्पर्श नाही. प्रत्येक स्पर्शाला अदृश्य परिणाम आहे. रस्त्यावरचा प्रत्येक परका माणूस हा संदेश आहे, आणि संदेश नेहमी धोक्याचा आहे. प्रत्येक लहान गोष्टीत ईश्वरी योजना पाहणारे मन आणि प्रत्येक लहान गोष्टीत विटाळ पाहणारे मन यांच्या श्रद्धा भिन्न असतील, पण वाचनपद्धती एकच आहे. अपघात म्हणून काही शिल्लक ठेवायचे नाही, ही ती पद्धती. अशा घरात वाढलेल्या मुलीला खुणांविषयी सावध अंतर वाटले असेल, तर ते स्वाभाविक आहे. हे माझे अनुमान आहे. परंतु पुस्तकाचा सूर त्याला दुजोरा देतो. जातिभेद सोडण्याचा लक्ष्मीबाईंचा निर्णय कोणा परक्याच्या भाकिताने होत नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी एकट्याने आपल्या मनाशी सोडवला आणि मग त्याप्रमाणे वागल्या.

त्यामुळे ‘स्मृतिचित्रे’तील परकी माणसे परकी राहतात, आणि परकी राहूनच जवळ येतात. घरात आलेली अनाथ मुले, शेजारी, मिशनमधील मंडळी यांतील कोणी देवाने पाठवलेले पात्र नाही. प्रत्येकाला खोडी आहे, भूक आहे, बोलण्याची लकब आहे. मुलगी घरात आली तर ती कोठे झोपणार, काय खाणार, हे प्रश्न प्रथम येतात. एकनाथांच्या कथेत जो अर्थ प्रतिसादातून निर्माण होतो, तोच येथे दैनंदिन पातळीवर निर्माण होत राहतो.

६

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल. लक्ष्मीबाईंच्या लेखनात ईश्वरी हेतूची विधाने विरळ आहेत याचे श्रेय देताना समीक्षक आपली ऐहिक रुची त्यांच्यावर लादत नाही काय? विसाव्या शतकातील वास्तववादी अभिरुचीला जे मानवते त्यालाच आपण कलात्म म्हणतो, आणि महिपतीच्या श्रोत्याची रुची हीन ठरवतो, असे होत नाही काय?

आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर लक्ष्मीबाईंच्याच दुसऱ्या ग्रंथात मिळते. टिळकांनी आरंभ केलेले आणि त्यांच्या १९१९ मधील निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यातील बहुसंख्य अध्याय त्यांचे आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्या काव्यात प्रत्येक भेट, प्रत्येक वाट, प्रत्येक विहिरीवरचे पाणी मागणे हेतुगर्भ आहे, कारण ती ख्रिस्ताची कथा आहे. महिपतीच्या ओवीशी त्या ओवीचे नाते उघड आहे. म्हणजे हेतूची भाषा लक्ष्मीबाईंना अपरिचित नव्हती आणि अमान्यही नव्हती. एकाच कालखंडात, एकाच हाताने त्या दोन रूपबंधांत लिहीत होत्या, आणि देवाच्या चरित्रात जे शोभते ते स्वतःच्या चरित्रात त्यांनी वापरले नाही. हा श्रद्धेचा अभाव नव्हे. हा रूपबंधाचा विवेक आहे, आणि त्याच्या मुळाशी एक धार्मिक विनय आहे. आपल्यासाठी गाडी थांबली, आपल्यासाठी माणूस डब्यात चढला, असे म्हणणे म्हणजे विश्वाच्या कथानकात स्वतःला नायक नेमणे होय. लक्ष्मीबाईंनी ती नेमणूक केली नाही.

यावरून समीक्षेला काही कसोट्या मिळतात. ईश्वरी हेतूचे विधान असलेल्या संहितेला ते विधान आहे म्हणून कमी लेखण्याचे कारण नाही. त्या विधानाने परक्या माणसाला आपल्या जागी राहू दिले आहे की त्याचे केवळ साधन केले आहे, हे मात्र पाहावे लागेल. निवेदनाने योगायोग आणि हेतू यांच्यामधील संशयाचा अवकाश दाखवला आहे की लपवला आहे, हेही पाहावे लागेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गैरसोय कोणाची आणि हेतू कोणाला सापडला, हे विचारावे लागेल. स्वतःच्या अंगावरील थुंकीला स्नान म्हणणे हा एकनाथांचा अधिकार आहे. दुसऱ्याने सोसलेल्या वियोगाला योजना म्हणण्याचा अधिकार कथाकाराला आपोआप मिळत नाही. टिळकांच्या धर्मांतराची कथा रेल्वेच्या डब्यापासून बाप्तिस्म्यापर्यंत सांगितली की ती दोन वर्षांत पूर्ण होते. लक्ष्मीबाईंच्या बाजूने ती सांगितली तर तिला आणखी पाच वर्षे लागतात, आणि त्या पाच वर्षांविषयी कोणीही भाकीत केलेले नव्हते.

मराठी धार्मिक आत्मकथनाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास या दोन कालगणना एकमेकींशेजारी ठेवून लिहावा लागेल. एकीत एक परका गृहस्थ पुस्तक देतो आणि कथनातून उतरून जातो. दुसरीत घरात आलेल्या परक्या मुलीसाठी पानावर आणखी एक भाकरी वाढावी लागते. दोन्हींत देव असू शकेल. दुसरीत माणूसही आहे.